टँकर येण्याआधीचे प्रश्न : शैक्षणिक संकुलांतील पाणीटंचाईचे मूळ शोधताना

मार्च संपता संपता राज्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या आवारात एकच क्रम सुरू होतो. वसतिगृहाच्या फलकावर पाणी सोडण्याच्या वेळा लागतात. दोन वेळचे पाणी एक वेळ होते. एप्रिलमध्ये पहिला टँकर फाटकातून आत येतो आणि मे महिन्यात आवाराच्या एखाद्या कोपऱ्यात बोअरची गाडी उभी राहते. जूनमध्ये पाऊस पडला की फलकावरची सूचना निघते, टँकरची बिले मंजुरीला जातात आणि पुढच्या मार्चपर्यंत विषय मिटतो. दरवर्षी ठरावीक महिन्यात येणाऱ्या संकटाला आपण आपत्ती म्हणत राहतो, आणि म्हणूनच त्याचे कारणही दरवर्षी नव्याने आभाळात शोधतो. ‘यंदा पाऊसच कमी झाला’ हे उत्तर अर्धे खरे असते. त्या अर्ध्या खऱ्या उत्तरापाशी चौकशी थांबते, ही अडचण आहे.

कारखान्यांत, रुग्णालयांत, विमानवाहतुकीत पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या बिघाडांसाठी मूलकारण विश्लेषण, म्हणजे रूट कॉज अॅनालिसिस, करण्याची रीत चांगली रुजली आहे. ती पाण्याला, तेही एखाद्या संकुलाच्या पाण्याला, कितपत लागू पडते, तिच्यातून काय हाती लागते आणि ती कुठे तोकडी पडते, याचा हा आढावा. संकुल निवडले ते अशासाठी की अभ्यासाला ते सोयीचे आहे. हद्द आखलेली असते, माणसे किती ते ठाऊक असते, पाणी आत येण्याच्या वाटा मोजक्या असतात आणि निर्णय घेणारे बहुतेक एकाच इमारतीत बसतात. इथल्या टंचाईचे कारण जर नीट सांगता येत नसेल, तर शहराच्या आणि तालुक्याच्या टंचाईबद्दल ठामपणे बोलण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरत नाही.

‘का?’ विचारण्याच्या पद्धती

या विश्लेषणाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे पाच वेळा ‘का?’ विचारणे. त्याचे श्रेय साकिची टोयोडा यांना दिले जाते. ताइची ओहनो यांनी टोयोटाच्या उत्पादन पद्धतीवर १९७८ साली लिहिलेल्या पुस्तकात त्याचे एक उदाहरण आहे. यंत्र बंद पडले. का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरेसे मिळाले नाही. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. तो का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता तरी यंत्र सुरू झालेच असते, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा बंद पडले असते. आपल्या संकुलांतला टँकर हा तो फ्यूज आहे.

दुसरे साधन काओरू इशिकावा यांचे. माशाच्या काट्यासारखी आकृती काढून मुख्य कण्यावर समस्या आणि फाट्यांवर कारणांचे गट लिहायचे. कारखान्यात हे गट माणूस, यंत्र, कच्चा माल, कार्यपद्धती, मोजमाप आणि परिस्थिती असे असतात. पाण्यासाठी ते स्रोत, साठवण, वाटप, वापर, मोजणी आणि कारभार असे करता येतात. या आकृतीचा मोठा गुण असा की तिच्यासाठी सगळ्यांना एका खोलीत बसवावे लागते. रेक्टर, मेसचा ठेकेदार, माळी, व्हॉल्व्हमन, वसतिगृहातल्या मुली, लेखा विभागाचा माणूस हे एरवी कधीच एकत्र बसत नाहीत. तिचा दोष असा की सगळे काटे सारख्याच लांबीचे दिसतात. ठिबकणारा नळ आणि तीनशे फूट लांबीची कुजलेली वाहिनी यांना कागदावर समान जागा मिळते, आणि चर्चा नळावर रेंगाळते, कारण नळ सगळ्यांना दिसतो.

तिसरे साधन दोषवृक्षाचे. १९६२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांच्या सुरक्षेसाठी ते तयार झाले. एखादी घटना घडायला कोणकोणत्या गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात, ते त्यात मांडतात. मोटर, वीज आणि टाक्यांच्या गुंतागुंतीसाठी ते उपयोगी आहे. चौथे साधन केपनर आणि ट्रेगो यांचे. बिघाड कुठे आहे आणि कुठे नाही, केव्हा आहे आणि केव्हा नाही, असे दोन रकाने शेजारी शेजारी मांडायचे. या चारांत संकुलाच्या पाण्यासाठी सुरुवात या शेवटच्या साधनाने करावी असे माझे मत आहे. आपल्याकडे सर्वांत कमी वापरले जाते तेही हेच.

‘संकुलात पाणी नाही’ हे विधान तपासता येत नाही. ‘मुलींच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर सकाळी साडेसात ते नऊ पाणी येत नाही; तळमजल्यावर येते; शेजारच्या वसतिगृहात तिन्ही मजल्यांवर येते; रविवारी तिसऱ्या मजल्यावरही येते’ हे विधान तपासता येते. रविवारी येते, म्हणजे स्रोत आटलेला नाही. शेजारी येते, म्हणजे मुख्य वाहिनीत पाणी आहे. मग उरते ते एवढेच: गच्चीवरची टाकी रात्रीतून पूर्ण भरत नाही, की भरलेले पाणी गर्दीच्या वेळी वरच्या मजल्याच्या नळांना दाबाने पोहोचत नाही. हा प्रश्न प्लंबर दोन दिवसांत सोडवू शकतो. नवी बोअर घेतली तर तो सुटणारच नाही, कारण त्याचा बोअरशी संबंध नाही.

असे नेमके विधान आणखी एका कारणासाठी लागते. सरासरी आकडा कोणाची टंचाई आहे ते झाकून टाकतो. माणशी सरासरी पुरेशी असलेल्या आवारातही बागेला सकाळ-संध्याकाळ पाइप लागलेला असतो, आणि शेवटच्या इमारतीतली मुलगी पाळीच्या दिवसांत बादली घेऊन दोन मजले उतरत असते. स्वच्छतागृहे धुणाऱ्या बायकांना दुपारी पाणी शोधत फिरावे लागते, आणि अस्वच्छतेबद्दल बोलणीही त्यांनाच बसतात. कारणाचा शोध या माणसांपासून सुरू झाला नाही, तर तो अधिकाऱ्यांच्या गैरसोयीचा शोध होऊन बसतो.

आधी मोजणी

मूलकारणाच्या बहुतेक चर्चा मोजणीआधीच ‘का’ विचारायला लागतात. पाण्यात ते चालत नाही. कारखान्यात यंत्र बंद पडलेले दिसते. पाणी मात्र जमिनीखालच्या वाहिनीतून, फ्लशच्या टाकीतून, गच्चीवरच्या ओसंडणाऱ्या पाइपातून कुणाच्या नजरेला न पडता जाते.

भारतीय मानकांनुसार वसतिगृहात राहणाऱ्याला दिवसाला १३५ लिटर आणि दिवसभरासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला ४५ लिटर पाणी धरतात. वसतिगृहाच्या १३५ लिटरपैकी ४५ लिटर केवळ फ्लशचे असते. समजा, एका संकुलात २,००० विद्यार्थी राहतात आणि ५,००० रोज येऊन जातात. पहिल्यांना २ लाख ७० हजार लिटर, दुसऱ्यांना २ लाख २५ हजार. मिळून रोज जवळपास ५ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. ही झाली हिशोबाची एक बाजू. दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष आत येणारे पाणी हवे, आणि तिथेच पंचाईत होते. पालिकेच्या जोडाला मीटर असतो, पण बोअरला नसतो, टाकीतून सुटणाऱ्या वाहिनीला नसतो, इमारतीला तर नसतोच.

मीटर नसला म्हणून मोजणी अडत नाही. जवळजवळ प्रत्येक पंपाला विजेचा मीटर असतो, निदान स्टार्टर तरी असतो. मोटर किती तास चालली याची नोंद ठेवता येते. पंपाच्या तोंडाशी दोनशे लिटरचा ड्रम लावून तो किती सेकंदांत भरतो ते पाहता येते. चाळीस सेकंदांत भरला तर तासाला १८ हजार लिटर. तास गुणिले प्रवाह, असा महिनाभराचा तक्ता कोणत्याही विज्ञान शाखेचे विद्यार्थी करू शकतात. या तक्त्यातून जेवढे कळते, तेवढे कितीही बैठका घेऊन कळत नाही.

सर्वांत बोलकी चाचणी रात्रीची. शहरांच्या पाणीपुरवठ्यात तिला रात्रीच्या किमान प्रवाहाची चाचणी म्हणतात, आणि तिला लागते ती फक्त एक मोजपट्टी आणि जागरण. रात्री एक वाजता सगळ्या मोटरी बंद करायच्या, बाहेरून आत येणारा कॉक बंद करायचा आणि उंचावरच्या ज्या टाकीतून आवाराला पाणी जाते तिची पातळी पट्टीने मोजायची. पहाटे चारला पुन्हा मोजायची. समजा टाकी सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आहे आणि तीन तासांत पातळी दहा सेंटीमीटर उतरली. म्हणजे २,४०० लिटर गेले. तासाला ८००, दिवसाला १९ हजारांवर. सगळे झोपलेले असताना एवढे पाणी कोणी वापरत नाही. अभ्यासाला जागणाऱ्यांचा थोडा वापर वजा घातला, तरी शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांना पुरेल इतके पाणी रोज जमिनीत किंवा गटारात चालले आहे. मग एकेका इमारतीचा कॉक बंद करत गेले की गळती कोणत्या फाट्यावर आहे ते सापडते. कधी ती भूमिगत जोडात असते, कधी फ्लोट अडकल्याने रात्रभर ओसंडणाऱ्या टाकीत, आणि फार वेळा फ्लशच्या टाक्यांत, जिथे पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहते. फ्लशच्या टाकीत चिमूटभर रंग टाकून भांड्यातले पाणी रंगते का ते पाहिले की झाले. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या निकषांत गळती व इतर वाया जाणारे पाणी धरून १५ टक्क्यांची मुभा आहे. आपली गळती तिच्या आत आहे की बाहेर, हे सांगू शकणारी संकुले मोजकीच असतील.

आणखी एक संधी दरवर्षी येते आणि वाया जाते. सुट्टीत वसतिगृहे रिकामी असतात. राहणारे चार-पाच टक्के असताना पाण्याचा वापर चाळीस टक्के राहत असेल, तर उरलेल्या पस्तीस टक्क्यांचा जाब विद्यार्थ्यांना विचारता येणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर महिनोन्महिने आवारे ओस होती. त्या काळातली पंपांची वीजबिले आजही लेखा विभागात पडून असतील. ती काढून पाहावीत. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनमध्ये २०१७-१८ च्या टंचाईत स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या पुढाकाराने शाळांत स्मार्ट मीटर बसवले गेले. तिथेही मुलांच्या वापराच्या आधी रात्रीच्या गळत्या उघड्या पडल्या. त्या दुरुस्त केल्या आणि आकडे शाळांना दाखवत गेले, तसा वापर लक्षणीय घटला.

खडक किती देऊ शकतो

मोजणीनंतरचा प्रश्न स्रोताचा, आणि इथे आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आहेत. एक, जमिनीखाली पाणी आहेच, फक्त खोल जायला हवे. दुसरी, पावसाचा थेंब न् थेंब जिरवला की संकुल स्वयंपूर्ण होते. दोन्ही समजुती तपासायला गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.

तेच संकुल शंभर एकरांचे आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात आहे असे धरू. शंभर एकर म्हणजे सुमारे ४ लाख चौरस मीटर. त्यावर पडणारा पाऊस साधारण २४ कोटी लिटर. वर्षातले तीनशे दिवस रोज ५ लाख लिटर म्हणजे गरज १५ कोटी. कागदावर पाऊस गरजेच्या दीडपटीहून अधिक आहे, आणि पुष्कळ अहवाल इथेच आनंदाने संपतात.

पण महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, बेसाल्टने व्यापला आहे. भूजलाच्या मूल्यांकनात या खडकासाठी पावसाचा जो हिस्सा खाली मुरतो असे धरतात, तो खडकाच्या प्रकारानुसार सात ते तेरा टक्क्यांच्या आसपास असतो. दहा टक्के धरले तर शंभर एकरांत वर्षाला २ कोटी ४० लाख लिटर. गरजेच्या सहाव्या हिश्शाइतके. आता केवळ वसतिगृहाच्या फ्लशचा हिशोब करा: २,००० जणांचे ४५ लिटर, दिवसाला ९० हजार, तीनशे दिवसांचे २ कोटी ७० लाख. शंभर एकरांची जमीन वर्षभरात निसर्गतः जेवढे पाणी मुरवते, त्याहून जास्त आपण फ्लशमध्ये सोडतो. या आवाराने फक्त आपल्या बोअरवर जगायचे ठरवले, तर ते शेजाऱ्यांचे किंवा पुढच्या वर्षीचे पाणी ओढत आहे, दुसरा अर्थ निघत नाही.

खोल जाण्याने हे बदलत नाही. बेसाल्टमध्ये पाणी असते ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यांत. खडकाच्या एकूण आकारमानाच्या एक ते तीन टक्केच पाणी तो सोडू शकतो. दोनशे फुटांची बोअर आटली म्हणून पाचशे फुटांची घेतली, तर बहुतेक वेळा वरच्याच थराचे पाणी खालच्या भेगांतून लवकर ओढले जाते, किंवा एखाद्या बंद भेगेतला जुना साठा थोडे दिवस मिळतो. पहिल्या महिन्यात पाणी जोरात लागते, पेढे वाटले जातात. दोन उन्हाळ्यांनी ती बोअर कोरडी पडते. महाराष्ट्र भूजल अधिनियमाने साठ मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला खोल विहीर म्हटले आहे आणि अधिसूचित क्षेत्रांत अशा विहिरींना मज्जाव केला आहे. त्याचे कारण हेच भूशास्त्र आहे.

मग काय उरते? पाच हेक्टर छपरांवरून, वीस टक्के वाया जाणारे धरून, आणखी सुमारे २ कोटी ४० लाख लिटर मिळू शकते. पण ते चार महिन्यांत येते आणि साठवायला चोवीस हजार घनमीटरची जागा लागते. वापरलेल्या पाण्याचे मात्र तसे नाही. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन परत येते, रोज येते, मे महिन्यातही येते. वसतिगृहाच्या २ लाख ७० हजारांतून दोन लाखांवर लिटर शुद्धीकरणाला मिळते. त्यातून सगळा फ्लश आणि बाग भागते. या हिशोबात एकच मोठा आकडा आपल्या हातातला आहे आणि तो सांडपाण्याचा आहे, असे मला वाटते. तरीही शोषखड्डे आणि छतावरचे पाणी यांचे उद्घाटन होते, सांडपाण्याचा प्रकल्प मात्र देखभालीअभावी बंद पडलेला असतो. का बंद पडला, हा प्रश्न आपल्याला कारभाराकडे घेऊन जातो.

कारभाराचे ‘का’

पाच ‘का’ एकदा आपल्या आवारात चालवून पाहू. मे महिन्यात टँकर का लागले? बोअर आटल्या. का आटल्या? ऑक्टोबरपासूनच रोज पूर्ण क्षमतेने उपसा चालू होता. का? पालिकेचे पाणी अपुरे, आणि आतली गळतीही भरून काढावी लागते. गळती दुरुस्त का झाली नाही? कुठे आहे ते ठाऊक नाही. मीटर नाहीत, वाहिन्यांचा नकाशाही नाही. मीटर का नाहीत?

इथे उत्तर तांत्रिक राहत नाही. टँकर हा तातडीचा खर्च असतो. मे महिन्यात त्याला कोणी अडवत नाही, अडवणारा दुष्ट ठरतो. मीटर हा भांडवली खर्च असतो. त्याला अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, आर्थिक वर्ष हे सगळे आडवे येते. तीन उन्हाळ्यांच्या टँकरच्या पैशांत मीटर आणि नवी वाहिनी होऊ शकते हे लेखा विभागाला दिसत नाही, कारण दोन्ही खर्च वेगवेगळ्या शीर्षांखाली पडतात आणि एका कागदावर कधी येत नाहीत. शिवाय पाण्याचा धनी कोणी नाही. वाहिन्या स्थापत्य विभागाकडे, मोटरी विद्युत विभागाकडे, वसतिगृहाच्या टाक्या रेक्टरकडे, बाग उद्यान अधीक्षकाकडे, टँकर खरेदी विभागाकडे. नवी वसतिगृहे बांधायचा निर्णय आणखी कुठेतरी होतो. प्रवेशक्षमता वाढवताना खोल्या, बाके, प्राध्यापक मोजले जातात. मे महिन्यात किती लिटर पाणी असेल हा प्रश्न त्या बैठकीत कोणाच्या अखत्यारीत नसतो. त्यातच परीक्षा आता भर उन्हाळ्यात जातात, म्हणजे पाणी सर्वांत कमी असते तेव्हा वसतिगृहे भरलेली असतात.

या साऱ्या विखुरलेल्या व्यवस्थेला एकत्र धरून ठेवतो तो व्हॉल्व्हमन. कोणता कॉक कोणत्या क्रमाने, किती फेरे उघडायचा. ग्रंथालयाची ओळ अर्धी आवळल्याशिवाय टेकडीवरच्या वसतिगृहाला दाब येत नाही. जुन्या वाहिनीला नवी कुठे जोडली आहे, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. वीस-पंचवीस वर्षांचे हे ज्ञान कागदावर उतरवून घ्यावे असे कोणाला सुचत नाही. तो निवृत्त होतो, जागी कंत्राटी मुलगा येतो, सगळे कॉक पूर्ण उघडतो आणि उंचावरच्या इमारती कोरड्या पडतात. मूलकारणाच्या बैठकीत या माणसाला पहिली खुर्ची द्यायला हवी. बहुधा त्याला बोलावलेलेच नसते, आणि अहवालात मात्र ‘कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा’ हे कारण त्याच्या नावे लिहिले जाते.

पद्धतीच्या मर्यादा

या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप नेमका हाच आहे. २०१७ साली अॅलन कार्ड यांनी रुग्णालयांच्या संदर्भात लिहिले की पाच ‘का’ची साखळी गुंतागुंतीच्या घटनेतून एकच वाट निवडते, आणि विचारणारा बदलला की वाटही बदलते. संकुलात ते रोज दिसते. प्रशासनाने ‘का’ विचारले तर साखळी ‘विद्यार्थी पाणी वाया घालवतात’ इथे संपते आणि भिंतींवर ‘पाणी वाचवा’चे फलक लागतात. विद्यार्थ्यांनी विचारले तर ती प्रशासनापाशी संपते आणि मोर्चा निघतो. भूशास्त्राचा प्राध्यापक खडकापाशी थांबतो. तिघेही खोटे बोलत नाहीत. जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये मानवी चुकांबद्दल मांडलेली गोष्ट इथे कामाची आहे: समोरच्या माणसाची चूक हे शेवटचे टोक असते, तिच्यामागे व्यवस्थेतल्या झाकलेल्या त्रुटी आधीपासून तयार असतात. साखळी एखाद्या माणसाच्या नावावर संपली, तर ती एक ‘का’ आधीच तुटली आहे असे समजावे.

दुसरी मर्यादा अशी की पाण्याची कारणे सरळ रेषेत नसतात, ती फिरून स्वतःकडे येतात. नवी बोअर लागते, ताण कमी होतो, गळती शोधायची निकड संपते. गळती वाढते, उपसा वाढतो, पातळी उतरते आणि आणखी खोल बोअर घ्यावी लागते. इथे उपायच पुढच्या टंचाईचे कारण बनतो. असे फेरे समजून घ्यायला डोनेला मेडोज यांचे काम ‘का’च्या साखळीपेक्षा जास्त उपयोगी पडते. १९९९ च्या निबंधात त्यांनी दाखवले की आकडे वाढवणे-घटवणे हा व्यवस्था बदलण्याचा सर्वांत दुबळा मार्ग. माहिती कोणाला दिसते, नियम कोण करतो, व्यवस्थेचे उद्दिष्ट काय, हे बदलणे जास्त परिणामकारक. आणखी पन्नास हजार लिटरची टाकी पहिल्या प्रकारात मोडते. प्रत्येक वसतिगृहाच्या दारात त्या इमारतीचा कालचा वापर लिहिणे दुसऱ्या प्रकारात.

तीन शहरे, तीन निदाने

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या टंचाईची कारणे किती वेगळी असतात ते पाहायला दूर जावे लागत नाही. लातूर हे शिक्षणाचे शहर. बाहेरगावची हजारो मुले तिथे राहून शिकतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने तिथे पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. म्हणजे आपल्या हिशोबातल्या एका संकुलाची एका दिवसाची गरज. मांजरा धरण कोरडे होते, पाठोपाठ दोन पावसाळे हुकले होते. ही टंचाई खरोखर स्रोताची होती; पण त्याच खोऱ्यात उसाखाली किती पाणी गेले, हा तिच्यामागचा ‘का’ होता.

छत्रपती संभाजीनगरचे निदान उलटे. जायकवाडीत मुबलक साठा असलेल्या वर्षांतही शहराच्या अनेक भागांना कित्येक दिवसांनी एकदा पाणी मिळत आले, कारण धरणापासून शहरापर्यंतच्या जुन्या वाहिन्या आणि शहरातले वाटप लोकसंख्येच्या मागे पडले. तिथल्या वसतिगृहाच्या आवारात कितीही शोषखड्डे खणले तरी हे कारण बदलणार नाही. तिथे दोन पाळ्यांमधले दिवस निघतील एवढी साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर हीच उत्तरे. याच शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी भूमिगत नहर आणली आणि पुढे पाणचक्कीच्या आवारात अशाच दुरून आणलेल्या पाण्यावर यात्रेकरूंसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जात असे. स्रोत, वाटप आणि वापर एका हाताखाली असलेले ते शिक्षणसंकुलच म्हणायचे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने साडेआठशे एकरांच्या आवारात वर्षानुवर्षे विहिरी, तळी, शेततळी उभारून विकतच्या पाण्यावरचे अवलंबन घटवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराने शहराची उपसा केंद्रे बुडाली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले, तेव्हा विद्यापीठाचे पाणी शहरवासीयांच्या उपयोगी आले. हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते आणि सांगावे असेच आहे. पण कोल्हापूरचा पाऊस, तिथला उतार आणि माणशी मिळणारी जमीन लातूरला किंवा पुण्याच्या दहा एकरांच्या महाविद्यालयाला नाही. तिथून तळ्यांचा नकाशा उचलण्यापेक्षा चिकाटी आणि एकाच यंत्रणेकडची जबाबदारी उचलावी.

कुंपणापलीकडे

संकुलाची हद्द अभ्यासाला सोयीची असली, तरी खडकातल्या भेगा ती मानत नाहीत. आपली बोअर शेजारच्या गावाची विहीर ओढते आणि पलीकडच्या गृहसंकुलाच्या बोअर आपली. कुंपणाच्या आत कितीही काटेकोर विश्लेषण केले, तरी शेवटचा ‘का’ बाहेर जातो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६५ साली पूर्ण केलेला डॉक्टरेटचा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या अशाच सामायिक भूजलावर होता. तिथले पंपवाले एकमेकांचा उपसा मोजून आणि मान्य करून मर्यादा ठरवू शकले. आपल्याकडे हिवरे बाजारने गावाचा पाण्याचा ताळेबंद पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत मांडून पिके ठरवण्याची रीत पाडली आणि बोअरच्या पाण्यावर शेती न करण्याचे पथ्य पाळले. ज्या संस्थेत भूशास्त्र, स्थापत्य, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र असे चार विभाग आहेत, तिला एका खेड्याइतका ताळेबंद मांडता येऊ नये, हे मला मनापासून खटकते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. संकुलातली एखादी न वापरातली बोअर निरीक्षणासाठी राखून ठेवली, तर विद्यार्थी तिची पातळी दर आठवड्याला मोजू शकतात. या चारांपैकी निर्णयासाठी ऑक्टोबरची नोंद सर्वांत मोलाची. तेव्हा जमिनीत किती पाणी आहे ते कळते आणि मेपर्यंत पुरवायचे तर महिन्याला किती उपसायचे हे ठरवायला सात महिने हातात असतात. ती नोंद घेऊन शेजारच्या ग्रामपंचायतीबरोबर आणि गृहसंकुलांबरोबर एक बैठक तेव्हाच घ्यावी. मार्चमध्ये घेतली तर बोलायला फक्त टँकरचे दर उरतात.